पेटीवरचा मजकूर

२०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यास आली, आणि ती शिवरायांचीच काय यावर दोन तट पडले. भाईंदरला मराठी शिकवणाऱ्या आम्हांला हा प्रश्न पाठचिकित्सेचा वाटतो. पेशव्यांच्या प्रधानाने ती ग्रँट डफला दिली, असे पेटीवरचा मजकूर सांगतो. तोच मजकूर मारल्या गेलेल्या सरदारास ‘मोगल’ म्हणतो. अफझलखान तर आदिलशाहीचा! लिहिणाऱ्याची माहिती ऐकीव होती एवढेच यातून निघते. नखे त्याने खोटी ठरत नाहीत, खरीही नाहीत. जावाच्या दिपोनेगोरो राजपुत्राचा क्रिस हा खंजीर नेदरलँड्सने २०२० साली इंडोनेशियास परत केला, तो जुने कागद आणि शस्त्र एकमेकांशी ताडून पाहिल्यावर. तेवढा पुरावा हाती नसेल, तर फलकावर ‘परंपरेने मानलेली’ हे दोन शब्द तरी घालावेत.