आधी तिकीट विचारा

नाव माहीत नसलेल्या माणसाला आपण ‘अहो, जरा ऐकता का’ म्हणून हाक मारतो. नाव माहीत नसलेल्या प्राण्याला मात्र चप्पल मारतो. या अन्यायाविरुद्ध माझी तक्रार आहे.

पेणात जो तो गणपती तरी करतो, नाहीतर गणपतीविषयी मत तरी देतो. अशा गावात मी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली. प्रवाळ नाही हो! ते आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं राखलेलं. मुंबईच्या एका मित्राच्या टाकीत वर्षभर मुरलेले सिरॅमिकचे दगड आणि क्लाउन माशांची एक जोडी, एवढाच संसार. पण मुरलेला दगड कधी एकटा येत नाही. आमंत्रण द्यावं एकाला आणि टेम्पोतून उतरावेत अकरा, तशी गत. रात्री टॉर्च मारला तर भोकाभोकांतून कोणीतरी बघत होतं.

नेमके त्याच दिवशी रोह्याहून मेहुणे आलेले. कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या रोह्याचे, आणि स्वतः निवृत्त तिकीट तपासनीस. दगडाखालून बोटभर लांब, दोन्ही अंगांना केसाळ असा गुलाबी किडा सरपटला आणि ते गरजले, “विनातिकीट! भावोजी, उतरवा त्याला!”

सकाळपर्यंत बातमी आळीभर. शेजाऱ्यांनी गोम ठरवली, दूधवाल्यानं जळू. नावावर मतभेद, पण ‘मारा’ यावर एकमत. मेहुण्यांनी सगळे दगड बाहेर काढून वर उकळतं पाणी ओतलं. मी बघत राहिलो, म्हणजे गुन्ह्यात सामील होतो.

दगडांच्या छिद्रांत राहून माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणूही त्यात गेले. वर मेलेल्यांची कूज. चौथ्या दिवशी दोन्ही मासे आडवे. आणि तो किडा? ब्रिसल वर्म. उरलंसुरलं, मेलंकुजलं खाऊन टाकी साफ ठेवणारा. हात लावला तर निवडुंगासारखी कुसळं टोचतात, एवढाच त्याचा अपराध. आम्ही घरचा झाडूवाला उकळून मारला! नशीब, दगडांवर झोअँथिड नव्हते. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असतं आणि असे दगड उकळून वाफेनं माणसं इस्पितळात गेलेली आहेत.

“मग काय, आलेल्या सगळ्यांना पाळायचं?” असं कोणी विचारील. मुळीच नाही. एप्टेशिया दिसते फुलासारखी. आळीनं तिला ‘किती गोड’ म्हटलं असतं. पण ती डंख मारते, आणि चिमट्यानं तोडली तर उरलेल्या कणातून पुन्हा उगवते. म्हणजे आमच्या न्यायात केसाळ नोकराला फाशी आणि देखण्या दरोडेखोराला पाहुणचार! जहाजांच्या बुडाला चिकटून परमुलखातून आलेली काळ्या पट्ट्यांची इवलीशी शिंपली 1967 च्या सुमारास विशाखापट्टणमला सापडली. पुढे ती मुंबईच्या बंदरातही आली. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून असे प्रवासी जगभर फिरतात, म्हणून 2004 साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2017 पासून तो लागू आहे. हे सगळं कशामुळे? कोणीतरी आधी नीट बघितलं आणि नाव विचारलं म्हणून.

बरं, ही विद्या आम्हांला परकी नाही. खाडीच्या पाण्यातल्या नखाएवढ्या पिल्लांतून जिताड्याचं पिल्लू ओळखून तळ्यात सोडणारी माणसं याच पेण तालुक्यातली. टाकीसमोर मात्र आमची दृष्टी जाते. लागतं काय? टॉर्चला लाल कागद, एक भिंग, एक वही आणि आठ रात्रींचा धीर. तो कुठे राहतो, कधी निघतो, काय खातो, एवढं लिहायचं. निकाल नंतर.

गेल्या महिन्यात मेहुणे पुन्हा आले. टाकी नव्यानं मांडलेली. मी विचारलं, “दादा, नोकरीत कधी तिकीट न विचारता कोणाला उतरवलंत?”

“छे! भलतंच काय! पास असला म्हणजे?” बोलून गेले, आणि टाकीकडे बघून गप्प झाले.

रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, तर दादा टॉर्चला लाल कागद लावून टाकीपुढे उकिडवे.

“श्श! भावोजी, डावीकडच्या दगडाखाली एक आहे. अजून काही खाल्लेलं नाही. तुम्ही झोपा, मी बसतो.”