चक्रीवादळ आणि आपला बालाघाट

भूगोलाच्या पुस्तकांत चक्रीवादळाचा धडा आला म्हणजे आपल्या पाटोद्याचीं मुलें तो परक्या मुलुखाची हकीकत ऐकावी तसा ऐकतात. ज्यांनीं समुद्र पाहिलेला नाहीं आणि ज्यांच्या घरीं उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहिली जाते, त्यांना हा विषय कोंकणांतील अगर ओडिशांतील लोकांचा वाटावा, यांत नवल नाहीं. कित्येक पालकांचेंही मत असेंच आहे. पाऊस आला तर बरेंच झालें; वादळाशीं आपला काय संबंध, असें ते म्हणतात. हें मत चुकीचें तर आहेच, पण घातकही आहे, असें आम्हांस वाटतें.

सन 2021 च्या सप्टेंबर महिन्याची गोष्ट घ्या. बंगालच्या उपसागरांत ‘गुलाब’ नांवाचें चक्रीवादळ उठलें व 26 तारखेस आंध्र प्रदेशांतील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलें. जमिनीवर येतांच त्याचा वारा ओसरला. परंतु ढग ओसरले नव्हते. तें खचलेलें वादळ तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकत मराठवाड्यावर आलें आणि आधींच भिजलेल्या जमिनीवर त्यानें आणखी पाऊस ओतला. जी मांजरा नदी आपल्याच तालुक्यांतील बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते, तिच्यावरील धनेगांवच्या धरणाचे सर्व 18 दरवाजे 28 तारखेस उघडावे लागले. नदीकांठच्या गांवांत पाणी शिरलें; काढणीस आलेलें सोयाबीन शेतांत उभें कुजलें. पुढें त्याच वादळाचे अवशेष अरबी समुद्रावर गेले, तेथील उष्णतेनें पुन्हां बळावले, ‘शाहीन’ असें नवें नांव घेऊन 3 ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. एका समुद्रांतून दुसऱ्या समुद्रांत जाण्याच्या त्या वाटेवर आपला मराठवाडा होता!

आतां हें वादळ जन्मतें कसें तें पाहूं. समुद्राचें पाणी सुमारें साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून अधिक तापलेलें असावें लागतें, व ती ऊब वरवरची नसून सुमारें 50 मीटर खोलपर्यंत असावी लागते. अशा समुद्रावरून वाफ वर चढते. चुलीवरील पातेल्यांतील पाण्याची वाफ होतांना त्यानें जी उष्णता घेतलेली असते, ती वाफेंत दडून राहते. उंचावर वाफेचे ढग झाले म्हणजे ती मोकळी होते. तेथील हवा तापते, आणखी वर जाते, आणि खालीं समुद्रावर हवेचा दाब उतरतो. ती उणीव भरण्यास चोहोंकडून वारे धांवतात. पण पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ते सरळ न येतां वळतात, आणि आपल्या उत्तर गोलार्धांत घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें भोंवरा धरतात. विषुववृत्ताच्या अगदीं निकट हें वळण मिळत नाहीं, म्हणून तेथें चक्रीवादळ होत नाहीं. ऐन पावसाळ्यांत वरच्या व खालच्या वाऱ्यांत इतकी तफावत असते कीं, भोंवरा उभा राहण्यापूर्वींच मोडतो. म्हणून आपल्याकडील मोठीं वादळें बहुधा पावसाळ्याच्या आधीं किंवा मागून येतात. ‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रचारांत आणला. सापाच्या वेटोळ्याची कल्पना मनांत ठेवून त्यांनीं तो ग्रीक भाषेवरून घडविला. नांव किती समर्पक आहे, हें उपग्रहानें घेतलेलें चित्र पाहणारास सांगावें लागत नाहीं.

किनाऱ्यावर वाऱ्यापेक्षांही भयंकर असतें तें वादळानें पुढें लोटलेलें समुद्राचें पाणी. सन 1999 च्या ऑक्टोबरांत ओडिशांत आलेल्या महाचक्रीवादळांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. त्याच राज्यावर 2013 सालीं ‘फायलिन’ हें अति तीव्र वादळ चालून आलें; त्या वेळीं सुमारें दहा लक्ष लोकांना आधींच सुरक्षित स्थळीं हलविलें गेलें, आणि मृतांची संख्या कांहीं डझनांवरच थांबली. आश्रयगृहें बांधणें, इशारा गांवोगांव पोंचविणें आणि लोकांनीं तो मानणें, एवढ्यानें हा फरक पडला. आपल्या राज्यांतील उदाहरण याच्या उलट आहे. मे 2021 मध्यें ‘तौक्ते’ वादळाची सूचना आगाऊ मिळालेली असतांही ‘पी-305’ नांवाचा तराफा माणसांसह मुंबईनजीकच्या समुद्रांत राहिला, नांगर तुटून बुडाला, आणि सत्तरांहून अधिक कामगार प्राणांस मुकले. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायांतही असेंच घडलेलें आहे. संत पौलानें धोका सांगितला, पण शताधिपतीनें विश्वास ठेवला तो तांडेलावर व गलबताच्या मालकावर.

अशा आपत्तीस देवाचा कोप म्हणून स्वस्थ बसणारे लोक सर्व धर्मांत आहेत. आपल्या मंडळींतही आहेत. त्यांनीं लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडावा. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तीं इतरांहून अधिक पापी होतीं असें मानण्यास प्रभूनें साफ नकार दिला आहे. बुरूज कसा बांधला होता, हें विचारण्यास मात्र कोणाचीच हरकत नसावी. ओढ्याच्या पात्रांत भिंती घालून आपण घर बांधावें आणि पाणी घरांत आलें म्हणजे आकाशाकडे बोट दाखवावें, हें भक्तीचें लक्षण नव्हे.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार बोंचते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊंसतोडीस पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात आणि उघड्या रानांत कोप्या घालून राहतात. पावसाळ्यानंतरच्या वादळांचा काळ तोच. ताडपत्रीच्या आडोशाला जोराचा वारा व रात्रभराचा पाऊस किती सोसणार? हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा आज क्षणांत प्रसिद्ध होतो; पण तो त्या कोपीपर्यंत पोंचविण्याची जबाबदारी नक्की कोणाची, हें विचारल्यास सरळ उत्तर मिळत नाहीं. आमच्या मतें ती मुकादमाची व कारखान्याची असली पाहिजे, आणि कोप्यांची जागा ओढ्याकांठची नसून उंचवट्याची आहे कीं नाहीं, हें उचल घेतेवेळींच ठरलें पाहिजे. उचल किती, हें जितक्या घासाघिशीनें ठरतें, तितक्याच घासाघिशीनें हेंही ठरावें.

शाळेनें काय करावें? एक पर्जन्यमापक बसवावा, रोजचा आंकडा मुलांनींच लिहावा, आणि सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत हवामान खात्याचा इशारा मराठींत फळ्यावर मांडावा. वाचतां येणाऱ्या मुलानें तो घरीं सांगावा; आईवडील ऊंसाच्या फडांत असतील तर फोनवरून सांगावा. पालकांस विनंती एवढीच कीं, इशारा आल्या दिवशीं काढलेल्या सोयाबीनची गंजी ओढ्याकांठीं उघडी ठेवूं नये, वीज कडाडत असतां जनावरें झाडाखालीं बांधूं नयेत, व फरशी पुलावरून पाणी वाहत असतां मोटारसायकल त्यांत घालूं नये. मूल शाळेंत अडकलें असेल तरीही घालूं नये. पाणी उतरेपर्यंत त्यास शाळेंतच ठेवून घेण्याची व्यवस्था शिक्षकांनीं करावी, असा ठराव पुढील पालकसभेपुढें आणण्याचा आमचा विचार आहे.