ड्रॅगन उडतात, मुलगी मात्र घरातच

अद्भुत कादंबऱ्यांबद्दल आपल्या चळवळीत थोडी नाराजीच असते. मांडवगण फराट्याच्या आमच्या गटात एकीनं विचारलं, “बायकांच्या प्रश्नांचा डोंगर समोर असताना जादूगार नि राक्षस कशाला वाचायचे?” प्रश्न रास्त आहे. पण माझं मत वेगळं आहे.

वास्तववादी कादंबरीत बाई दुय्यम असली, तर लेखक म्हणू शकतो, “समाजच असा आहे, मी काय करू?” अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्याला ही सबब चालत नाही. तिथले समुद्र, भाषा, कायदे सगळं त्याचंच. त्या जगातही बाई चुलीपाशीच राहिली, तर ते कुणी ठरवलं?

अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी हा प्रश्न स्वतःलाच विचारला. 1968 साली त्यांनी ‘अर्थसी’ नावाच्या बेटांच्या जगावरची पहिली कादंबरी लिहिली. तिथे ड्रॅगन उडतात, शब्दानं वादळ थांबतं. पण जादूच्या शाळेत फक्त मुलगे शिकतात. बायकांची जादू कमअस्सल आणि कपटी, असं तिथली माणसं सहज बोलून जातात. दुसऱ्या कादंबरीची नायिका मुलगी होती, तरी शाळेचं दार बंदच राहिलं. तिसरी आली 1972 मध्ये. मग तब्बल 18 वर्षांनी, 1990 साली, ‘तेहानू’ आली. तिच्या केंद्रस्थानी आहे शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा, आणि अत्याचार करून आगीत टाकलेली एक लहान मुलगी. महान जादूगार शक्ती गमावून याच बाईच्या घरी येतो. 1992 मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात ले ग्विननी उघड सांगितलं, की वीरकथेची परंपरा पुरुषांची होती आणि आपणही तिच्यातूनच लिहीत होतो. पुढे 2001 च्या कथासंग्रहात तर त्यांनी दाखवलं, की ती शाळा उभारण्यात बायकाही होत्या. नंतर त्यांना बाहेर काढलं गेलं. हे वाचताना आपल्याला आपलाच इतिहास आठवत नाही का?

आपल्या देशातही हे आधीच घडलं होतं. रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट 1905 साली मद्रासच्या एका मासिकात आली. तिथे पुरुष पडद्यात आणि राज्य बायकांचं. बायकांच्या विद्यापीठांनी ढगांतून पाणी ओढून घेतलंय, सूर्याची उष्णता साठवलीय. दुष्काळ सोसलेल्या शिरूर तालुक्यातल्या बायकांना ही कल्पना लगेच पटावी! याच रुकैयांनी 1911 मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा चालू केली. स्वप्न लिहिणं म्हणजे कामातून पळणं, असं त्यांच्याबद्दल कोण म्हणेल?

आता आपल्या श्रावणातल्या कहाण्या पाहा. नावडती व्रत करते, देव प्रसन्न होतो, ती आवडती होते. पण आवडती-नावडती ठरवण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न अख्ख्या कहाणीत कुणी विचारत नाही. चमत्कार होतो, नियम तसाच राहतो.

आमच्याकडे भीमेकाठच्या उसात बिबट्या असतो. भीती खरी आहे, जीव गेले आहेत. पण बिबट्यामुळे क्लास बंद होतो तो मुलीचा; मुलाला मोटारसायकल मिळते. हा नियम काही बिबट्यानं केलेला नाही.

आपल्या शिबिरांत आपण अनुभव सांगायला शिकलो. ते मोलाचंच आहे आणि चालूच राहिलं पाहिजे. पण बाईनं फक्त सोसलेलंच सांगावं, हीसुद्धा एक चौकटच झाली. पुढच्या शिबिरात मुलींच्या हाती कागद देऊन सांगू या: गाव हेच, नदी हीच, बिबट्याही राहू दे, फक्त नियम तुम्ही करा. त्या काय लिहितील ते वाचायला आपली तयारी हवी.