कायदा उघडा, मग संगणकाचा नियम बंद का?

कायदा जनतेला कळवल्याशिवाय तो जनतेवर लादता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात स्पष्ट केले. जयपूर संस्थानातला अफूविषयीचा कायदा प्रसिद्धच झाला नव्हता, म्हणून त्याखालची शिक्षा रद्द झाली. आज रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती यांचा निवाडा बऱ्याच अंशी संगणकात बसवलेले नियम करतात. ते नियम कोणत्या राजपत्रात छापले जातात?

शासन निर्णय आम्ही वाचू शकतो, त्याला न्यायालयात आव्हान देऊ शकतो. पण शासन निर्णयात एक अट आणि संगणकात दुसरीच अट असेल, तर ते सिद्ध कसे करायचे? खिडकीवर उत्तर मिळते, ‘सिस्टीम घेत नाही.’ या सिस्टीमचा जबाब कोण नोंदवणार?

तेलंगणात सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. संगणकीय छाननीवर विसंबून, नोटीस न देता हे केले गेले, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाला प्रत्यक्ष पडताळणीचा आदेश द्यावा लागला. ज्याच्या ताटातले धान्य गेले, तो तोवर काय खात होता?

म्हणून ओपन सोर्सचा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. सोर्स कोड म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांचा मूळ मसुदा. तो कुणालाही वाचता, तपासता, सुधारता आणि वाटता येतो तेव्हा त्याला ओपन सोर्स म्हणतात. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये शासकीय कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. बंद सॉफ्टवेअर घ्यायचे तर त्याचे कारण द्यावे, असेही त्यात आहे. त्याच वर्षी शासकीय सॉफ्टवेअरचा कोड खुला करण्याचे वेगळे धोरण आले. पण फुकटचे ओपन सोर्स वापरून त्यावर बांधलेली शासकीय प्रणाली मात्र कुलूपबंद ठेवायची, ही पळवाट उरतेच.

खुले करणे अशक्य नाही. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड टीकेनंतर मे महिन्यात खुला झाला. केरळने तर शाळांतले संगणक शिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर नेले.

माहिती अधिकारात कोड मागितला तर कलम ८(१)(ड) मधील व्यापारी गुपिताची ढाल पुढे केली जाऊ शकते. पण व्यापक लोकहित असेल तर माहिती द्यावी, असे तेच कलम सांगते. गरिबाच्या हक्काचा निवाडा हे लोकहित नव्हे काय?

नागरिकांची खासगी माहिती गुप्तच राहिली पाहिजे. खुले व्हायचे आहेत ते नियम. कोड खुला झाला म्हणजे अन्याय आपोआप थांबेल, असे आम्ही म्हणत नाही. तो वाचणारे हवेत. आमच्या वस्त्यांतून आज इंजिनिअर झालेली मुले-मुली हे काम करू शकतात. त्यांनी आणि वकिलांनी एकत्र बसावे.

मागणी साधी आहे: जनतेच्या पैशातून बनलेल्या प्रत्येक कल्याणकारी प्रणालीचा कोड आणि पात्रतेचे नियम प्रसिद्ध करा, अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्या आणि त्यावर माणसाकडे अपील ठेवा. संविधानाच्या १४ व्या कलमाने मनमानीला मनाई केली आहे. ती मनमानी संगणकातून आली म्हणून घटनात्मक ठरत नाही.