मुक्त आणि मोफत

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या संगणक कक्षासाठी मी लिनक्सची सीडी १०० रुपयांना विकत आणली. हिशेब पाहताना एका पालकांनी विचारले, “सर, हे सॉफ्टवेअर फुकट असते ना? मग शंभर रुपये कशाचे?” तेव्हा मी दिलेले उत्तर अपुरे होते.

इंग्रजीतील ‘फ्री’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत आणि घोटाळा तेथेच होतो. मराठीत मुक्त वेगळे, मोफत वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो मुक्त सॉफ्टवेअरसाठी. नोकरी सोडलेल्या या गृहस्थांनी १९८५ मध्ये आपल्या ईमॅक्स या प्रोग्रॅमच्या टेप टपालाने १५० डॉलरला विकल्या. ज्याला नेटवर्कवरून उतरवून घेणे शक्य होते, त्याला तोच प्रोग्रॅम विनामूल्य मिळे. हा त्यांच्या उपजीविकेचा मार्ग होता आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही. १९८९ च्या जीपीएल परवान्यानेही प्रत देण्याचे शुल्क घेण्यास मुभा दिली. मात्र घेणाऱ्याला मूळ संहिता मिळालीच पाहिजे आणि पुढे प्रती काढून वाटण्यापासून त्याला कोणी अडवता कामा नये.

म्हणून माझे मत असे की, वितरकाने किंमत जरूर घ्यावी. फुकट वाटप दात्याच्या कुवतीवर आणि मर्जीवर चालते. उबुंटूच्या सीडी जगभर टपालाने मोफत येत असत. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. श्रमाचा मोबदला मागणाऱ्याला आपल्या समाजाने तरी लोभी म्हणू नये.

माझी तक्रार वेगळीच आहे. आमच्या त्या सीडीच्या वेष्टनावर विक्रेत्याने ‘प्रत काढणे हा गुन्हा आहे’ असे छापले होते. वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने मामांच्या संगणकासाठी प्रत मागितली, तेव्हा तो मजकूर वाचून मी त्याला नकार दिला. इतिहासाचा शिक्षक असूनही छापील शब्दाची शहानिशा केली नाही! परवाना मी पुढे कधीतरी वाचला. शंभर रुपये योग्यच होते. पण त्या एका ओळीने विक्रेत्याने आमचा हक्क काढून घेतला आणि मी तो मुकाट्याने दिला.

तो विद्यार्थी हे वाचत असेल, तर सीडी अजून माझ्या कपाटात आहे. हव्या तितक्या प्रती काढून न्याव्यात.