अळ्या धुऊन टाकू नका साहेब

पोस्ट लांब आहे, जेवताना वाचू नका.

काही वर्षांपूर्वी गाळप हंगामात आमच्या अंकुशनगर भागात उसाच्या फडात एक मृतदेह सापडला. परजिल्ह्यातला ऊसतोड कामगार. चेहरा ओळखू येत नव्हता, किडे पडले होते. मुकादम म्हणाला, "चार दिवसांमागं टोळीतच होता, भांडून निघून गेला." भाऊ म्हणाला, "त्याचा फोन दहा दिवसांपासून बंद आहे." दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण मृत्यू कधी झाला? कागदावर आलं, चार ते दहा दिवसांपूर्वी. म्हणजे दोघांचंही खरं! आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, भाऊ गावाकडं गेला, विषय संपला.

मी तिथं होतो. शवविच्छेदनाआधी नळाच्या पाण्यानं सगळ्या अळ्या धुऊन गटारीत सोडल्या. तेव्हा मलाही त्यात वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या फडातला घड्याळ जवळ असलेला एकमेव साक्षीदार आपण गटारीत सोडला.

हिरवी-निळी चमकणारी माशी उघड्यावरच्या मृतदेहावर बहुतेक वेळा काही तासांतच येते. अंडी घालते, साधारण दिवसभरात अळी निघते, अळी दोनदा कात टाकते, मग कोषात जाते, मग माशी. अळीचं वय कळलं की माणूस निदान इतके दिवस आधी मेला, एवढं तरी सांगता येतं. चीनमध्ये सोंग त्झु नावाच्या न्यायाधीशानं 1247 साली लिहिलेल्या ग्रंथात माश्या ज्या विळ्यावर बसल्या त्यावरून खुनी पकडल्याची हकिकत आहे. म्हणजे ही युक्ती काही कालची नाही.

अडचण ही की प्रत्येक जातीची माशी वेगळ्या वेगानं वाढते. जात चुकली की दिवस चुकले. आणि नुकत्या निघालेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखालीही जवळपास सारख्याच दिसतात. पाळून माशी होईपर्यंत थांबायचं तर अळी जिवंत हवी आणि पाळणारा माहीतगार हवा. डीएनए काढता येतो, पण जुन्या रिकाम्या कोषातून तो चांगला मिळेलच असं नाही.

इथं रसायनशास्त्र कामाला येतं. कीटकाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, अंगातलं पाणी सुकू नये म्हणून. त्या मेणातल्या हायड्रोकार्बनचं प्रमाण जातीजातीत वेगळं, बोटाच्या ठशासारखं. अळी थोडा वेळ हेक्झेनमध्ये बुडवायची, मेण उतरतं, ते गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या यंत्रातून काढायचं. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पद्धतीनं तीन जातींच्या अगदी पहिल्या अवस्थेतल्या अळ्या वेगळ्या ओळखून दाखवल्या, 2014 साली ते प्रसिद्ध झालं. अळी वाढते तसं मेणही बदलतं, म्हणून वयाचाही अंदाज येतो. रिकाम्या कोषावरही हे मेण बराच काळ टिकतं.

आता कुणी म्हणेल, हे साहेबांच्या देशातलं. पण व्हिसेऱ्यातलं विष शोधायलाही याच प्रकारची यंत्रं लागतात. खरी उणीव आपल्या माश्यांच्या नोंदींची आहे. तिकडच्या थंड हवेतले तक्ते आपल्या मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत चालणार नाहीत. आपल्याकडं लाल मोठ्या डोळ्यांची क्रायसोमाया मेगासेफाला भरपूर, आणि तिची चुलत बहीण रुफिफेसिस, जिच्या अळ्या दुसऱ्यांच्या अळ्याच खातात! आधी आलेल्यांना ती खाऊन टाकते, म्हणजे आपला हिशेबच बिघडवते. हवा आणि खाणं यानंही मेण थोडंफार बदलतं. तेव्हा हे काम मराठवाड्यातच, इथल्या उन्हातान्हात व्हायला हवं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात डीएनए बारकोडिंगचं पॉल हेबर्ट केंद्र आहे, त्याच शहरात प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. दोघांनी एकत्र बसायला काय हरकत आहे?

1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 (3) नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे, अंमलबजावणीला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत. चांगलंच आहे. पण कालव्यात, फडात सापडलेला अनोळखी देह आधी आकस्मिक मृत्यूच असतो. गुन्हा ठरेपर्यंत तज्ज्ञ येत नाही, आणि अळ्या धुतल्या गेल्या की गुन्हा ठरवायचा कशावर?

यंत्र येईल तेव्हा येईल. आज दोन बाटल्या लागतात. एकीत अल्कोहोल घालून काही अळ्या, दुसरीत काही जिवंत, झाकणाला भोकं पाडून. आजूबाजूच्या मातीतले कोष वेचायचे. आणि एक थर्मामीटर, जागेवरचं तापमान पंचनाम्यात लिहायला. ठाण्यातले आणि दवाखान्यातले बरेच मित्र ही पोस्ट वाचतात. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत एवढं सामान कुणी घेणार असेल तर सांगा, थर्मामीटरचे पैसे मी देतो.