विश्लेषण : स्कूटरची गिअरलेस यंत्रणा शेतातल्या बग्गीला पेलेल का?

भंगारातल्या गिअरलेस स्कूटरचे इंजिन, लोखंडी पाइपचा सांगाडा आणि चार चाके एवढ्यावर घरी बग्गी तयार करण्याचे व्हिडीओ मोबाइलवर हजारोंनी पाहिले जातात. शिरूर आणि दौंड तालुक्यांत अशा वाहनाची ओढ वाटावी अशीच जमीन आहे. भीमा आणि घोड नदीकाठची वाळू, उसाच्या शेतांतून जाणारे पाणंद रस्ते, पावसाळ्यात चाक गिळणारी काळी माती. रांजणगाव एमआयडीसीमुळे यंत्रावर हात बसलेले तरुणही या भागात कमी नाहीत. मात्र स्कूटरची सीव्हीटी बग्गीला जशीच्या तशी जोडली, तर पैसे वाया जातात आणि जीवही धोक्यात येतो.

सीव्हीटी चालते कशी?

पिठाच्या गिरणीत मोटरची छोटी पुली पट्ट्याने मोठी पुली फिरवते. वेग कमी होतो, जोर वाढतो. सीव्हीटीतही दोन पुली आणि एक रबरी पट्टाच असतो, पण या पुलींचा व्यास चालता चालता बदलतो. प्रत्येक पुली समोरासमोर ठेवलेल्या दोन तिरक्या तबकड्यांची असते. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, तबकड्या जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. त्याच वेळी मागच्या पुलीत तो आत ओढला जातो. सुरुवातीला जोर, मग वेग. मधे गिअरचा एकही टप्पा नाही.

नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये ही पद्धत कारमध्ये आणली. भारतात कायनेटिक होंडाने १९८० च्या दशकात ती स्कूटरवर रुळवली. आज जवळपास प्रत्येक गिअरलेस पेट्रोल स्कूटरमध्ये तीच आहे आणि म्हणूनच ती भंगारात सहज मिळते.

खडबडीत वाटेवर तिचा फायदा काय?

चिखलात गिअर बदलायला क्लच दाबला की गाडीचा वेग मरतो आणि चाक रुतते. सीव्हीटीत जोर तुटत नाही. चढ आला की मागच्या पुलीतली स्प्रिंग आणि तिरकी खाच पट्ट्याला आपोआप जास्त जोराच्या स्थितीत आणतात. चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या ‘बाहा एसएईइंडिया’ या बग्गी स्पर्धेतही अनेक संघ सीव्हीटीच निवडतात. २००७ मध्ये मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे सुरू झालेल्या या स्पर्धेत पुण्यातील महाविद्यालयांचे संघ उतरत आले आहेत. मात्र हे संघ सीव्हीटीनंतर स्वतंत्र गिअरबॉक्स बसवून चाकांचा वेग आणखी कमी करतात. घरगुती बग्गीत नेमका हाच भाग गाळला जातो.

मग जोर किती कमी पडतो?

ढोबळ हिशेब असा. बग्गी २५० किलोची. दोन माणसे आणि सामान धरून एकूण ४०० किलो. चाके २२ इंची. शंभर फुटांत वीस फूट चढणारी मातीची वाट चढायला आसाशी सुमारे ३२० न्यूटन-मीटर जोर लागतो. ११० सीसी स्कूटरचे इंजिन जास्तीत जास्त ९ न्यूटन-मीटरच्या आसपास देते. सीव्हीटी आणि मागचे गिअर मिळून तो सुरुवातीला साधारण २४ पट होतो. घर्षणात पाचवा हिस्सा गेला असे धरले तर हाती १७० च्या आसपास उरतात. म्हणजे गरजेच्या जेमतेम निम्मे.

उपाय अवघड नाही. मधे साखळी आणि दोनास एक प्रमाणाची स्प्रॉकेट घातली की आकडा ३४० च्या घरात जातो. कमाल वेग निम्म्यावर येतो, पण शेतात ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त हवेत कोणाला? अनेक जण त्याऐवजी हलके रोलर टाकतात. त्याने इंजिन जास्त फेऱ्यांवर राहते, चढावर फरकही जाणवतो. पण निघतानाचे गुणोत्तर तेवढेच राहते. उभ्या चढावर थांबलेली गाडी त्याने निघत नाही.

पट्टा का जळतो?

चाक अडले आणि चालकाने अॅक्सिलरेटर पिळतच ठेवला की शक्ती चाकापर्यंत पोहोचत नाही. क्लच आणि पट्टा घसरतात आणि ती सगळी उष्णतेत जाते. जळक्या रबराचा वास आला की थांबणेच शहाणपणाचे. ओल्या पट्ट्याची पकड सुटते. वाळूने पट्टा आणि पुली दोन्ही झिजतात. त्यामुळे आवरण बंदिस्त हवे, पण त्यात हवा खेळली पाहिजे. हवेची नळी चालकाच्या डोक्याच्या उंचीवरून घ्यावी. स्कूटरचे इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होते. पत्र्याआड कोंडले तर तेही तापते.

पट्टा तुटला तर त्याचे तुकडे चालकाकडेच उडतात. म्हणून बाहाच्या नियमांत पुलींभोवती किमान दीड मिलिमीटर पोलादी किंवा तीन मिलिमीटर अॅल्युमिनियमचे कवच सक्तीचे आहे. प्लॅस्टिकचे झाकण हे काम करत नाही.

सर्वात मोठा धोका कुठे?

उतारावर. इंजिनाचे फेरे घटले की स्कूटरचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते. गिअरच्या गाडीसारखा इंजिनाचा अटकाव मिळत नाही. स्कूटरचा एक ड्रम ब्रेक ४०० किलोला पुरणार नाही. चारही चाके जखडणारे, दोन स्वतंत्र वाहिन्यांचे हायड्रॉलिक ब्रेक, मजबूत रोलकेज, सीट बेल्ट आणि इंजिन तत्काळ बंद करणारा स्विच यांवर खर्च आधी करावा, इंजिनावर नंतर.

रिव्हर्स आणि डिफरन्शिअलही स्कूटरमध्ये नसतात. चारा, खते, कांद्याच्या गोण्या वाहायच्या असतील तर जुन्या रिक्षाचा सांगाडा बरा. त्यात गिअर, रिव्हर्स आणि डिफरन्शिअल एकत्र मिळतात. पिकाला फेरी मारण्यासाठी, मोटर पाहण्यासाठी एक-दोन माणसांची हलकी गाडी हवी असेल, तर सीव्हीटी योग्य.

रस्त्यावर नेता येईल?

नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि घरगुती बग्गीला नोंदणीसाठी लागणारी प्रकार-मान्यता नसते. ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. अपघात झाला तर विम्याचे संरक्षण नाही. भरपाईचा बोजा थेट मालकावर येतो. भंगारातल्या इंजिनाची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि मोडीत काढलेल्या स्कूटरची नोंद आरटीओकडे रद्द करून घ्यावी. गिअर नसल्याने मुलेही ही गाडी सहज हाकतात, हा आणखी एक धोका. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर वाहन चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

काय व्हायला हवे?

सांगली जिल्ह्यातील एका कारागिराने दुचाकीचे इंजिन वापरून छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्र यांनी त्या बदल्यात २०२२ मध्ये त्याला बोलेरो दिली. कौतुक योग्यच होते. पण अशा प्रत्येक कारागिराला उद्योगपती भेटत नाही. त्याला हवी असते ती तपासणी. वेल्ड टिकेल का, ब्रेक पुरतील का, चढावर गाडी मागे घसरेल का, हे सांगणारे कोणीतरी. तालुक्याच्या आयटीआयने आणि बाहात उतरणाऱ्या महाविद्यालयांनी वर्षातून एक दिवस यासाठी द्यावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कल्पकता गावात आहेच. तिला मोजमापाची जोड मिळाली, तर बग्गी बांधावरून सुखरूप घरी येईल.